पहिल्या २० सामन्यांवरून बेसबॉल संघाचा निकाल लावू नका

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. सोलापुरात हा खेळ पाहणारे फार नसले तरी जे आहेत ते अंधारात उठून पाहतात आणि सकाळच्या चहापर्यंत त्यांचा निकालही लागलेला असतो : संघ बुडाला, बॅटिंग संपली, मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) काढा. क्रीडापानावर कधी चार ओळी आल्याच तर त्याही ‘सलग पाचवा पराभव’ एवढ्याच असतात. हंगामाच्या सुरुवातीचे पराभव असे वाचू नयेत. ते कसे वाचावेत आणि खरोखर घाबरायचे कधी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आपला गोंधळ होतो तो सवयीमुळे. शाळेच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की किट आवरायचे. आयपीएलमध्ये संघाला साखळीत १४ सामने मिळतात, म्हणून तिथे लागोपाठ तीन हरले तर काळजी रास्त असते. मेजर लीगमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने होतात. भागाकार करून पाहा. आयपीएलचा एक साखळी सामना म्हणजे बेसबॉलचे साडेअकरा सामने. सलग पाच पराभव झाले तर आयपीएलच्या हिशेबात अजून पहिला अर्धा सामनाही पुरा झालेला नसतो. आपला जिल्हा रब्बीचा. मृगाने ओढ दिली म्हणून इथला ज्वारीचा शेतकरी वर्ष गेले असे म्हणत नाही, त्याचे लक्ष सप्टेंबरच्या पावसाकडे असते. बेसबॉलचा एप्रिल त्याच नजरेने बघायला हवा.

आता आकडे. समजा, ३० संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून लावला. २० सामन्यांनंतर प्रत्येकाचे १० विजय आणि १० पराभव असतील असे वाटते. तसे होत नाही. संभाव्यतेच्या गणिताने त्यातले साधारण चार संघ ७-१३ किंवा त्याहून वाईट अवस्थेत असतात आणि तितकेच १३-७ किंवा त्याहून वर. म्हणजे कुणीही वाईट खेळलेले नसताना चार शहरांत मॅनेजरच्या नावाने शंख चालू असतो आणि चार शहरांत विजेतेपदाची चर्चा.

बॅटरचेही तसेच. बेसबॉलची बॅटिंग सरासरी क्रिकेटसारखी नसते. किती ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) किती हिट (बॅटरला सुखरूप बेसवर नेणारे फटके), एवढाच तो हिशेब. .२५० म्हणजे चारात एक. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नियमित खेळणाऱ्याच्या खात्यावर सुमारे ८० ॲट-बॅट जमा झालेले असतात. त्यात २० हिट असतील तर सरासरी .२५०, १६ असतील तर .२००, आणि २४ असतील तर .३००. ‘संपलेला’ खेळाडू आणि ‘तुफान फॉर्ममधला’ खेळाडू यांच्यात तीन आठवड्यांत आठ हिटचे अंतर असते. त्या आठांपैकी दोन शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) ग्लोव्हच्या टोकाला लागून अडतात, एखादी वाऱ्यात उभी राहून कुंपणाच्या अलीकडे पडते. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी, होमरन (कुंपणापार गेलेले फटके) सोडून, साधारण ३० टक्क्यांवर हिट मिळते. पंधरा दिवस हा आकडा २४ वर येऊन बसला तर अख्खा संघ आजारी दिसायला लागतो.

न्यूयॉर्क मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर हे याचे अलीकडचे उदाहरण. २०२४ मध्ये मेट्सने हंगामाचे पहिले पाचही सामने गमावले. मेच्या अखेरीस संघ २२-३३ वर होता. लिंडोरची सरासरी मेच्या मध्यापर्यंत .२०० च्या आतच घुटमळत होती. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली नाही, तो बॅटिंगला आला तेव्हा उभे राहून टाळ्या वाजवल्या. मेमध्ये त्याला क्रमात पहिल्या जागेवर आणले. हंगाम संपला तेव्हा तो .२७३ आणि ३३ होमरनवर होता आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. संघाने उरलेल्या १०७ सामन्यांत ६७ जिंकले आणि नॅशनल लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या, अंतिम मालिकेपर्यंत धडक मारली. प्रेक्षक म्हणून आपल्या हातात जे असते ते त्या टाळ्यांत होते.

मग बघायचे काय? सर्वांत आधी धावांचा फरक. संघाने एकूण किती धावा केल्या आणि किती दिल्या, हे दोनच आकडे घ्यावेत. केलेल्या धावांचा वर्ग करायचा आणि त्याला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागायचे. जो अपूर्णांक येतो तो साधारण त्या संघाच्या विजयांचे प्रमाण असतो. बिल जेम्स यांनी रूढ केलेले हे सूत्र शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयासारखे दिसते म्हणून त्याला नावही तेच पडले. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचे काम आहे. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१९ च्या हंगामात ८७३ धावा केल्या आणि ७२४ दिल्या. सूत्राने ९६ च्या आसपास विजय येतात, प्रत्यक्षात ९३ झाले. कोलोरॅडो रॉकीजने २०२५ मध्ये ५९७ केल्या आणि १,०२१ दिल्या. सूत्र ४१ विजय सांगते, प्रत्यक्षात ४३ झाले. दोन टोकांचे दोन संघ आणि सूत्र दोन्हीकडे दोन-तीन सामन्यांच्या आत.

एप्रिलमध्ये या सूत्राचा उपयोग असा. संघ ७-१३ आहे, पण केलेल्या आणि दिलेल्या धावा जवळपास सारख्या आहेत, तर तो बहुतेक सामने एका धावेने हरतो आहे. एका धावेचे सामने कुठलाही संघ वर्षभर एकाच बाजूला झुकवू शकत नाही. शिवाय २०२० पासून जादा इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा, बरोबरी राहिली तर त्यापुढे) दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करून सुरुवात होते, त्यामुळे दहाव्या इनिंगचा निकाल आणखीच दैवावर गेला आहे. उलट ७-१३ असून धावांचा फरक उणे ४० असेल तर चिंता खरी. प्रत्येक सामन्यामागे दोन धावांनी मागे पडणारा संघ नशिबाने हरत नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी. एखादा सामना ०-१६ असा गेला असेल तर तो बाजूला काढून हिशेब करून बघावा. हरलेल्या सामन्यात शेवटी शेवटी पिचर (चेंडू टाकणारे) वाचवण्यासाठी फिल्डरच्या हाती चेंडू देतात, त्या धावांना अर्थ नसतो.

दुसरे, पिचरने दिलेले वॉक, म्हणजे चार चेंडू चुकीच्या जागी टाकल्यामुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस. हा आकडा हिटपेक्षा लवकर खरे बोलतो, कारण त्यात फिल्डर नाही, वारा नाही, मैदान नाही. मेजर लीगमध्ये १०० बॅटरमागे साधारण आठ ते नऊ वॉक जातात. एखाद्या संघाचे पिचर महिनाभर ११-१२ देत असतील तर दुखणे तिथे आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र त्यालाही थोडी सूट द्यावी लागते, आणि त्याचे कारण थंडी.

आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, पार्क मैदानावर दुपारी उभे राहवत नाही. त्याच दिवसांत शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस, क्लीव्हलँडला रात्रीचे सामने पाच-सात अंशांत होतात. डेन्व्हरला तर बर्फ पडून सामने पुढे ढकलावे लागतात. बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे कमी, आणि घेर सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे थोडा जास्त. त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. पिचरची सगळी करामत या टाक्यांवर बोटाची पेरे कशी बसतात त्यावर. सरळ वेगवान चेंडूसाठी पहिली दोन बोटे शिवणीला आडवी, वळून खाली पडणाऱ्या कर्व्हबॉलसाठी मधले बोट शिवणीला लगटून. नवा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीकाठच्या एका ठिकाणची माती चोळतात. तरीही कोरड्या थंड हवेत बोटांना घाम नसतो आणि चामडे काचेसारखे लागते. माउंडमागे (पिचरच्या उंचवट्यामागे) ठेवलेली राळेची पिशवी घामाबरोबरच धरते, कोरड्या बोटांवर तिचा उपयोग थोडा. मग कर्व्हबॉल सुटताना बोट शिवणीवरून आधीच घसरते, फिरकी कमी पडते आणि गुडघ्याशी पडायचा चेंडू कमरेच्या उंचीवर येऊन थांबतो. पिचरला हे कळते. तो कर्व्हबॉल टाकायचे टाळतो आणि बॅटरला पुढचा चेंडू कोणता ते आयते कळते.

थंडी बॅटरलाही सोडत नाही. थंड हवा दाट असते. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की १२० मीटर जाणारा फटका साधारण मीटरभर कमी पडतो. २५ अंश कमी म्हणजे साडेचार मीटर, आणि कुंपणाशी एवढ्यात होमरनचा झेल होतो. मुठीजवळ लागलेला चेंडू लाकडी बॅटमधून तळव्यात कळ नेतो आणि पुढच्या दोन चेंडूंना हात आपोआप आखडतो. म्हणून उत्तरेकडच्या उघड्या मैदानावर खेळणारा संघ आणि मायामी किंवा ह्यूस्टनला छताखाली खेळणारा संघ यांची एप्रिलमधली सरासरी शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

पण सुरुवातीच्या पराभवांचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण बुलपेन, म्हणजे पहिला पिचर थांबल्यावर आणायचे राखीव पिचर, हे आहे. ते जरा सावकाश पाहू.

फेब्रुवारीच्या मध्यापासून फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सराव शिबिरे भरतात. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, तिथे आधी एक इनिंग टाकतो, मग दोन, मग तीन. दर वेळी साधारण १५ चेंडू वाढवत तो हंगामाच्या तोंडावर ७५ ते ८५ चेंडूंपर्यंत येतो. शंभरी गाठायला एप्रिल उलटावा लागतो. त्यामुळे पहिले तीन आठवडे स्टार्टर एरवीपेक्षा एक इनिंग आधी थांबतो. संघात खेळाडू २६, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पाच स्टार्टर वजा केले की बुलपेनमध्ये उरले आठ.

आता एकच इनिंग डोळ्यांसमोर आणा. तिसरी इनिंग, एक आउट. बॅटरवर दोन स्ट्राइक आहेत, तिसऱ्याला तो आउट. तो चांगले चेंडू बाजूला छाटत राहतो, एक फाउल, दोन, चार. नवव्या चेंडूवर वॉक मिळतो. पुढचा बॅटर शॉर्टस्टॉपकडे सरपटी मारतो. डबल प्लेचा (एकदम दोन आउट मिळवून देणारा) चेंडू, पण शॉर्टस्टॉप अर्धे पाऊल उशिरा हलतो. चेंडू तळव्याऐवजी ग्लोव्हच्या जाळीत अडकतो, काढायला क्षणभर लागतो. दुसऱ्या बेसवर एक आउट मिळतो, पहिल्या बेसवर बॅटर वाचतो. स्कोअरशीटवर एरर नाही. बघणाऱ्याला वाटते, आउट तर मिळाला. पण इनिंग संपायची ती चालू राहते. मग एक सिंगल, आणखी एक वॉक, आणि तिसरा आउट येईपर्यंत त्या एका इनिंगमध्ये ३१ चेंडू खर्ची पडलेले असतात. धाव एकही नाही. चौथ्या इनिंगअखेर पिचर ८५ वर असतो आणि मॅनेजर फोन उचलतो.

उरल्या पाच इनिंग, म्हणजे १५ आउट. रिलिव्हर (बुलपेनमधला पिचर) साधारण एक इनिंग टाकतो. २०२० च्या नियमाने त्याला किमान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट गाठावाच लागतो, त्यामुळे एका बॅटरपुरता पिचर आणायची जुनी सोय राहिलेली नाही. चार-पाच जण वापरले जातात. सामना कदाचित जिंकलाही जातो. दुसऱ्या दिवशी त्यातले ज्यांनी २५ हून अधिक चेंडू टाकले ते बसतात. त्या दिवशीचा स्टार्टरही पाच इनिंगच टाकतो. तिसऱ्या दिवशी सातव्या इनिंगमध्ये संघ ४-३ ने पुढे असतो आणि मॅनेजरकडे ताजा असतो तो बुलपेनमधला सहावा-सातवा पिचर. सामना ४-६ असा जातो. बॉक्स स्कोअरमध्ये पराभव त्या पिचरच्या नावावर लागतो, शिव्या मॅनेजरला बसतात. खरा सामना दोन दिवस आधी, त्या अर्ध्या पावलाने गेलेला असतो. ताजा हात आणायचा म्हणून ट्रिपल-ए या खालच्या लीगमधून नवा पिचर बोलावला तर जुना खाली पाठवावा लागतो, आणि खाली पाठवलेला पिचर, कुणी जखमी झाल्याशिवाय, १५ दिवस परत येऊ शकत नाही. जखमी यादीवर टाकलेला पिचरही किमान १५ दिवस बाहेर. मॅनेजरचे हात असे दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात.

म्हणून पराभवाच्या बातमीत शेवटचा पिचर कोण होता हे बघण्याआधी मागचे तीन दिवस बघावेत. स्टार्टरने किती इनिंग टाकल्या, बुलपेनवर किती पडल्या. तीन सामन्यांत बुलपेनवर १२ हून जास्त इनिंग पडल्या असतील तर चौथ्या दिवशीच्या पराभवाबद्दल कुणाला दोष देण्याची घाई करू नये.

नॅशनल्सचे २०१९ चे वर्ष या सगळ्याचा धडा म्हणून अभ्यासावे असे आहे. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा शॉर्टस्टॉप ट्रे टर्नर बंट करायला (चेंडूला नुसती बॅट लावायला) गेला, चेंडू बोटावर बसला आणि बोट मोडले. तो मेच्या मध्यापर्यंत बाहेर. अँथनी रेन्डनच्या कोपराला चेंडू लागला. हुआन सोटोची पाठ धरली. बुलपेन तर इतके गळत होते की सातव्या इनिंगनंतरची आघाडी सुरक्षित नव्हती. २ मे रोजी पिचिंग कोचला काढले. २३ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये मालिकेतले चारही सामने गमावून संघ १९-३१ वर आला. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना काढा, अशी ओरड सर्वत्र होती. व्यवस्थापनाने ऐकले नाही. जखमी परत आले. मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन हे तीन स्टार्टर इनिंग खात राहिले, म्हणजे बुलपेनचा कमकुवत भाग मैदानात येण्याची वेळच कमी केली. जुलैअखेर डॅनियल हडसनसह तीन रिलिव्हर आणले. उरलेल्या ११२ सामन्यांत ७४ विजय, वाइल्ड कार्ड (गटात पहिला न येता प्लेऑफमध्ये प्रवेश), आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत ह्यूस्टनला सात सामन्यांत हरवून विजेतेपद. शेवटचा आउट हडसनने घेतला. बुलपेन शेवटपर्यंत फार सुधारले नव्हतेच. ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्टार्टरनाच रिलिव्हर म्हणून वापरले, सातव्या सामन्यात कॉर्बिनने तीन इनिंग टाकल्या.

मॅनेजर बदलण्याबाबत इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने पहिले सहा सामने गमावताच कॅल रिप्केन सीनियर यांना काढून फ्रँक रॉबिन्सन यांना आणले. संघ आणखी १५ सामने हरला, ०-२१ झाला आणि वर्षअखेर ५४-१०७ वर संपला. फिलाडेल्फिया फिलीजने २०२२ मध्ये २२-२९ असताना जो जिरार्डी यांना काढले, रॉब थॉमसन आले, संघ ८७-७५ होऊन वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. फरक खेळाडूंत होता. फिलीजकडे मारणारे होते, ओरिओल्सकडे नव्हते. मॅनेजर बुलपेन वाटून वापरू शकतो, क्रम बदलू शकतो. जो पिचर स्ट्राइक टाकत नाही त्याच्या हातात तो स्ट्राइक घालू शकत नाही.

सुरुवातीचे पराभव मोजायचेच नाहीत असे कुणी समजू नये. एप्रिलचा विजय आणि सप्टेंबरचा विजय तक्त्यात सारखाच धरला जातो. १९८४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३५-५ अशी सुरुवात केली आणि पुढे वर्ल्ड सिरीज जिंकली. खड्डा किती खोल आहे एवढे मात्र मोजून घ्यावे. ८८ विजय झाले की बहुतेक वर्षी प्लेऑफचे दार उघडते, असे धरू. १०-१० असलेल्या संघाला पुढे १४२ पैकी ७८ जिंकावे लागतात. ७-१३ असलेल्याला ८१. तीनच जास्त, उरलेल्या पाच महिन्यांत पसरलेले. १९-३१ असेल तर ११२ पैकी ६९, म्हणजे १०० विजय मिळवणाऱ्या संघाची गती, अवघड पण होणारे. ७-३३ असेल तर १२२ पैकी ८१, आणि त्या गतीने वर्षभर खेळणारा संघ १०७ सामने जिंकेल. रॉकीज २०२५ मध्ये इथेच होते. १० मे रोजी सॅन दिएगोकडून ०-२१ हरले, दुसऱ्या दिवशी मॅनेजर बड ब्लॅक यांना काढले, वर्ष ४३-११९ वर संपले. तिथे ‘अजून हंगाम बाकी आहे’ म्हणणे म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक झाली असती.

खऱ्या दुखण्याची आणखी एक खूण आहे आणि ती टीव्हीच्या कोपऱ्यात दर चेंडूला दिसते : वेग. लीगचा सरासरी फास्टबॉल आज ताशी १५० किलोमीटरच्या वर आहे. थंडीत सगळेच थोडे कमी टाकतात, म्हणून तुलना त्याच पिचरच्या मागच्या एप्रिलशी करावी. तीन-चार किलोमीटर कमी आणि सलग तीन सामन्यांत कमी असेल, त्यात वॉक वाढलेले असतील, तर कोपर किंवा खांदा कुरकुरतो आहे असे समजावे. कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली तर पिचर १२ ते १८ महिने गेला. अशा वेळी दहा पराभवांपेक्षा ते एक दुखणे संघाला महाग पडते.

इथून आम्हाला आपल्या जिल्ह्यातल्या मुलांकडे यायचे आहे, कारण हेच चुकीचे वाचन इथे जास्त नुकसान करते. शालेय बेसबॉलमध्ये पहिले सामने हिट खाऊन फारसे हरले जात नाहीत. ते वॉक, कॅचरच्या हातून सुटलेले चेंडू आणि पहिल्या बेसकडे आलेल्या भरकटलेल्या थ्रोमुळे जातात. पावसाळ्यात सराव तुटलेला असतो. मैदान वाळले की काळ्या मातीची ढेकळे तशीच राहतात, सरपटी चेंडू छातीवर उसळतो आणि मुले ग्लोव्ह खाली नेण्याऐवजी मान वळवायला शिकतात. स्पर्धेआधी तीन आठवडे तरी इनफिल्डवर दंताळे फिरवून, पाणी मारून, रोलर फिरवावा. पिचरकडून दर सरावाला ३० चेंडू टाकून घ्यावेत आणि स्ट्राइक मोजावेत. १८ च्या खाली असतील तर वेग वाढवण्याचा विषयच काढू नये. कॅचरला गुडघ्यावर बसवून टेनिस बॉलचे २० टप्पे अंगाने अडवायला लावावेत, हाताने पकडायची बंदी. थ्रो १० मीटर, २० मीटर आणि मग बेसमधल्या पूर्ण २७.४३ मीटरवर न्यावा, पहिल्या दिवशी थेट नाही. नवा ग्लोव्ह सामन्याच्या आठवड्यात देऊ नये. तेल लावून, आत चेंडू बांधून आणि रोज वापरून तो मऊ व्हायला महिना जातो. ताठ ग्लोव्हमधून निसटलेला झेल मुलाच्या माथी मारला जातो.

आणि पहिला सामना हरला की जे घडते ते थांबले पाहिजे. पुढच्या सामन्यात ‘आता हरायचे नाही’ म्हणून संघातला एकच चांगला पिचर सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा उभा केला जातो. अमेरिकेत मुलांसाठी पिच स्मार्ट नावाची मर्यादा ठरवून दिली आहे. १३-१४ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही, २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ५० पर्यंत दोन दिवस, ६५ पर्यंत तीन, त्यापुढे चार दिवस. १५-१६ वर्षांसाठीही कमाल ९५ च, पण ३० पर्यंत विश्रांतीची गरज नाही, ४५ पर्यंत एक दिवस, ६० पर्यंत दोन, ७५ पर्यंत तीन, त्यापुढे चार. यासाठी यंत्र लागत नाही. बेंचवरच्या एका मुलाच्या हातात वही द्यावी, प्रत्येक चेंडूला एक उभी रेघ, पाचवी आडवी. गठ्ठे मोजले की झाले. संघात किमान चार मुले पिचिंगसाठी तयार असावीत, नाहीतर तीन दिवसांच्या स्पर्धेत ही मर्यादा पाळताच येत नाही आणि मग एका चषकासाठी चौदा वर्षांच्या मुलाचे कोपर जाते. जिल्हा स्पर्धेच्या स्कोअरशीटवर प्रत्येक पिचरच्या चेंडूंचा रकाना सक्तीचा करावा, अशी आमची आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे, संपादक महोदय, मागणे छोटे आहे. बेसबॉलचा निकाल छापताना विजय-पराभवापुढे तीन आकडे वाढवावेत : हंगामात आतापर्यंत केलेल्या धावा, दिलेल्या धावा आणि त्या दिवशी स्टार्टरने टाकलेल्या इनिंग. ‘७-१३, केल्या ८४, दिल्या ८८, स्टार्टर ४’ असे छापले तर जागा अर्धी ओळ जाईल. शालेय स्पर्धांच्या बातम्यांत विजयी संघाच्या होमरनबरोबर दोन्ही संघांचे वॉक आणि पिचरचे एकूण चेंडू द्यावेत. स्पर्धेच्या दिवशी हे आकडे स्कोअररकडे तयार असतात, फक्त मागावे लागतात.

आपले,
बेसबॉलप्रेमी वाचक,
सोलापूर